भूकंपाच्या छायेतल्या महानगरात राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंपाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधी येणार? त्याचं उत्तर कुणाच्याच हातात नाही. आपण ज्या इमारतीत झोपतो, काम करतो, मुलांना शिकायला पाठवतो, ती कशी आहे, हा प्रश्न त्या मानाने फार कमी वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर मात्र शोधता येतं. पुढची बरीचशी उत्तरं म्हणूनच इमारतीपाशी येऊन थांबतात.

भूकंप कोणत्या दिवशी येणार, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात का?

नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्ड गावाजवळ १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली साधारण सारख्याच आकाराचे भूकंप झाले होते. अंतर सरासरी बावीस वर्षांचं, म्हणून पुढचा १९९३ पूर्वी येईल असा अंदाज बांधला गेला. ज्या भेगेवर तिथली जमीन सरकते, तिच्या दोन्ही बाजूंना उपकरणांची रांग लावून लोक वाट पाहत राहिले. भूकंप आला तो २००४ साली, आणि तोही आधी कसली ठोस खूण न देता. चीनमध्ये १९७५ साली मोठ्या भूकंपाआधी हायचेंग शहर वेळेत रिकामं केलं गेलं होतं. तिथे आधीपासून लहान धक्क्यांची मालिका सुरू होती. पुढच्याच वर्षी तांगशानला असा कोणताही इशारा मिळाला नाही आणि अधिकृत आकड्यानुसारच २ लाख ४० हजारांहून अधिक माणसं गेली.

त्यामुळे तारीख आणि वेळ सांगणारा निरोप फोनवर आला, तर तो कितीही मोठ्या संस्थेच्या नावाने आलेला असो, पुढे पाठवू नका.

मग ‘इतक्या वर्षांत इतके टक्के शक्यता’ असं जे छापून येतं, त्याचा अर्थ काय?

तो अंदाज तारखेचा नसतो, त्या प्रदेशाच्या स्वभावाचा असतो. खडकांवर ताण किती वेगाने साठतोय, यापूर्वी किती वेळा आणि किती मोठे भूकंप झाले, यावरून तो काढतात. इमारतींच्या नियमांत बऱ्याच देशांनी ५० वर्षांत १० टक्के शक्यता असलेला हादरा हिशेबात धरलाय. त्यालाच ‘४७५ वर्षांतून एकदा’ असंही म्हणतात, आणि हे दुसरं नाव लोकांना फसवतं. ‘मागचा येऊन शंभरच वर्षं झाली, म्हणजे अजून पावणेचारशे वर्षं निवांत’ असा त्याचा अर्थ होत नाही. इमारत पन्नास वर्षं उभी राहणार असेल, तर तिच्या आयुष्यात तसा हादरा बसण्याची शक्यता दहात एक आहे, एवढंच ते वाक्य सांगतं. दहात एक म्हणजे थोडी नाही.

लहान लहान धक्के बसत राहिले तर ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो ना?

ही समजूत दिलासा देणारी आहे, पण हिशेबात बसत नाही. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनने वाढला की सुमारे हजार पट. म्हणजे ७ च्या एका भूकंपाची ऊर्जा मोकळी व्हायला ५ चे हजार भूकंप लागतील. आणि कधी कधी तुलनेने लहान भूकंप हीच पुढच्याची सुरुवात असते. जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ मार्च २०११ रोजी ७ हून मोठा भूकंप झाला. तोच मुख्य भूकंप असं वाटत होतं. दोन दिवसांनी ९ चा आला.

भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर लांब असेल तर आमच्या शहराने का घाबरावं?

कारण शहर खडकावर उभं आहे की गाळावर, हे अंतराइतकंच महत्त्वाचं ठरतं. १९ सप्टेंबर १९८५ चा मेक्सिकोतला भूकंप पॅसिफिक किनाऱ्याजवळ झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर आत. वाटेतल्या गावांपेक्षा या दूरच्या राजधानीतले काही भाग जास्त उद्ध्वस्त झाले, कारण ते जुन्या तलावाच्या तळावर वसले आहेत. खाली मऊ चिकणमाती. खडकातून येणाऱ्या लाटा त्या मातीत शिरल्या की त्यांचा वेग मंदावतो, डोलणं वाढतं आणि लांबतं. टेकडीवरच्या वस्त्यांना त्या मानाने कमी झळ बसली. शहर एकच, पण दोन वस्त्यांखालची जमीन वेगळी.

१९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात असंच घडलं. केंद्र जवळपास १०० किलोमीटरवर होतं, पण ही वस्ती भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर होती. पाण्याने भिजलेली वाळू जोरात हलली की तिचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत आणि जमीन काही वेळ चिखलासारखी वागते. याला द्रवीकरण म्हणतात. घराचा पाया खचतो, जमिनीखालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या तुटतात.

२६ जानेवारी २००१ चा भूज भूकंप आपल्या वाचकांना आठवत असेल. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर, तरीही तिथल्या कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला होता. त्यावर पुढे येतोच.

तेव्हा आपल्या भागाचे जुने नकाशे जरूर पाहा. जिथे पूर्वी खाडी, तळं, ओढा किंवा दलदल होती, तिथे आज इमारत उभी असली तरी जमिनीचा स्वभाव बदललेला नसतो.

उंच इमारत जास्त धोक्याची की बैठी?

दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. प्रत्येक इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. बैठी इमारत पटापट हलते, उंच इमारत सावकाश झुलते. जमिनीचा ठेका आणि इमारतीचा ठेका जुळला की झोके वाढत जातात, जसा योग्य क्षणी ढकललेला पाळणा उंच जातो. १९८५ साली मेक्सिको सिटीच्या मऊ मातीत सर्वांत जास्त हानी साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींची झाली, कारण त्यांचा ठेका त्या मातीशी जुळत होता. फार उंच इमारतींना दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा जाणवतात. २०११ साली टोकियोतले टॉवर कित्येक मिनिटं झुलत होते, पण ते उभे राहिले. तैपेई १०१ या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवर ६६० टनांचा गोळा टांगलेला आहे, तो वारा आणि भूकंप दोन्हींतलं झुलणं कमी करण्यासाठी.

बांधकाम नीट असेल तर नवा टॉवर चांगला, आणि तेच नीट नसेल तर तीन मजली घरही घातक. मजले मोजून निर्णय घेऊ नका.

माझी इमारत कशी आहे हे मला कसं कळणार? मी इंजिनिअर नाही.

पूर्ण उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच देईल. पण त्याला बोलवायचं की नाही, हे ठरवण्याइतकं तुम्हाला स्वतःला दिसू शकतं.

पहिल्यांदा बांधणीचं वर्ष काढा आणि त्या वर्षी तुमच्या शहरात भूकंपाचे कोणते नियम लागू होते ते विचारा. जपानने १९८१ साली नियम कडक केले. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेत भूकंप झाला तेव्हा त्या वर्षानंतरच्या इमारती आधीच्यांपेक्षा स्पष्टपणे चांगल्या तगल्या. अर्थात नियम कागदावर असणं आणि ते खांबात उतरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काँक्रीटच्या खांबातल्या उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा बांधतात. त्या रिंगा दूर दूर असल्या किंवा त्यांची टोकं नीट आत वळवलेली नसली, तर हादऱ्यात खांब फुगतो आणि फुटतो. भूकंपात इमारतीचा जीव वाचवण्यात या स्वस्तातल्या रिंगांचा वाटा फार मोठा आहे, आणि गिलावा झाल्यावर त्या कुणालाच दिसत नाहीत.

दुसरं, तळमजल्यावर उभं राहून वर पाहा. वरच्या मजल्यांवर भरपूर भिंती आणि खाली नुसते खांब, पार्किंग किंवा काचेची दुकानं, अशी रचना असेल तर सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते. वरचे मजले एकसंध राहतात आणि तळमजला त्यांच्याखाली चिरडला जातो. १९९४ सालच्या भूकंपात लॉस एंजेलिसमध्ये अशाच एका निवासी इमारतीत १६ जण मरण पावले. २०१५ साली त्या शहराने लाकडी सांगाड्याच्या अशा जुन्या इमारती मजबूत करणं मालकांवर बंधनकारक केलं.

तिसरं, नंतर काय बदललं ते विचारा. दुकान मोठं करायला एखादा खांब कापला का? भिंत पाडली का? मूळ आराखड्यात नसलेला मजला चढवला का? गच्चीवर जड टाक्या आल्या का? शेजारची इमारत इतकी चिकटून आहे का, की डोलताना दोन्ही एकमेकींवर आदळतील? खांबांना तडे, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया, सतत ओलं राहणारं तळघर, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. गिलाव्यातल्या केसासारख्या रेषा वेगळ्या, त्यांना घाबरायचं कारण नाही.

तपासणीत दोष निघाला तरी इमारत पाडावीच लागते असं नाही. खांबांना बाहेरून काँक्रीटचं किंवा पोलादी आवरण देता येतं, मोकळ्या तळमजल्यात नव्या काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके पोलादी आधार घालता येतात. खर्च होतो, काही महिने गैरसोय होते, रहिवाशांच्या बैठकांत वाद होतात. मला विचाराल तर रंगकाम आणि प्रवेशद्वाराची सजावट चार वर्षं मागे ढकलून हे आधी करावं.

इमारत ‘भूकंपरोधक’ आहे असं विकताना सांगितलं होतं. मग तिला काही होणार नाही ना?

हा शब्द दिशाभूल करतो. नेहमीच्या नियमांचं उद्दिष्ट एवढंच असतं की मोठ्या हादऱ्यात इमारत कोसळू नये आणि आतली माणसं जिवंत बाहेर पडावीत. नंतर ती राहण्याजोगी राहील असं वचन त्यात नाही. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०११ च्या भूकंपानंतर शेकडो इमारती पाडाव्या लागल्या, आणि त्यांतल्या अनेक कोसळलेल्या नव्हत्या. भूकंपानंतरही वापरता यावी अशी इमारत हवी असेल तर तसा वेगळा आराखडा करावा लागतो. पायाखाली रबराचे थर बसवून इमारत जमिनीच्या हालचालीपासून अलग ठेवणं, हा त्यातला एक मार्ग आहे. रुग्णालयांसाठी तरी त्याचा आग्रह धरायला हवा.

मी भाड्याने राहतो. इमारतीत बदल करणं माझ्या हातात नाही. मग मी काय करू?

घर निवडताना वरच्या खुणा पाहा. राहायला गेल्यावर अर्धा दिवस काढून सामान बांधा. इमारत उभी राहिली तरी कपाट अंगावर पडून, टीव्ही उडून, काच फुटून माणसं जखमी होतात. उंच कपाटं आणि पुस्तकांच्या मांडण्या कोनपट्टीने भिंतीला जखडा. स्क्रू पोकळ भागात नाही, पक्क्या भिंतीत गेला पाहिजे. जड वस्तू खालच्या फळीवर ठेवा. पलंगाच्या डोक्याशी फ्रेम, आरसा, माळ्यावरची ट्रंक असलं काही ठेवू नका. कपाट आडवं पडलं तर दार अडेल का, हेही पाहा. दार अडलं की नीट उभ्या असलेल्या घरातही माणूस कोंडला जातो.

हादरे सुरू झाले की बाहेर पळायचं की आत थांबायचं?

काँक्रीटच्या बहुमजली इमारतीत असाल तर आत थांबा. खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, एका हाताने डोकं आणि मान झाका, दुसऱ्याने टेबलाचा पाय धरून ठेवा. टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरका. टेबल नसेल तर खिडक्यांपासून दूर, आतल्या भिंतीशी वाकून बसा. झोपेत असाल तर पलंगावरच राहा आणि उशीने डोकं झाका. अंधारात फुटक्या काचेवरून चालण्यापेक्षा ते बरं. जोराच्या हादऱ्यात जिन्यापर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य असतं, आणि इमारतीच्या अगदी बाहेरची पट्टी सर्वांत वाईट, कारण कठडे, काचा, पाट्या तिथेच पडतात. २०१८ साली ओसाका परिसरातल्या भूकंपात शाळेच्या आवाराची भिंत कोसळून एका विद्यार्थिनीचा जीव गेला.

दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्ला जुन्या कच्च्या घरांच्या काळातला आहे. तो आता विसरा.

एक अपवाद आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. मातीत रचलेल्या दगडी किंवा कच्च्या विटांच्या भिंती, वर जड छत, असं घर असेल, तुम्ही तळमजल्यावर दारापाशी असाल आणि समोर मोकळी जागा असेल, तर पहिल्या सौम्य थरथरीतच बाहेर पडा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. भूकंप ६.२ चा होता, मृत्यू सुमारे दहा हजार.

लिफ्टमध्ये असलो तर?

सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि जिथे दार उघडेल तिथे बाहेर पडा.

गाडी चालवत असलो तर?

वेग हळूहळू कमी करून कडेला थांबा. पुलावर, पुलाखाली किंवा विजेच्या तारांखाली नको. हादरे थांबेपर्यंत गाडीतच बसा.

फोनवर येणारा भूकंपाचा इशारा म्हणजे भाकीतच ना?

नाही. भूकंप झालेला असतो, फक्त तुमच्यापर्यंत पोचायचा असतो. आधी येणाऱ्या लाटा सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात, खरं नुकसान करणाऱ्या त्यांच्या मागून साडेतीनच्या वेगाने. केंद्राजवळच्या यंत्रांनी पहिली लाट टिपली की संदेश सुटतो आणि तो दोन्हींच्या पुढे पळतो. किनाऱ्यावरच्या भूकंपासाठी मेक्सिको सिटीला एक मिनिटाच्या आसपास अवधी मिळू शकतो. शहराच्या पोटाखालीच भूकंप झाला तर मात्र इशारा हादऱ्याबरोबर किंवा नंतर येतो. तेव्हा इशारा येईल म्हणून थांबू नका. आला तर मिळालेल्या सेकंदांत फोन पाहत बसू नका, टेबलाखाली जा.

हादरे थांबले. आता पहिली दहा मिनिटं काय करायचं?

पायात चपला नव्हे, बूट घाला. घरातल्या माणसांना हाका मारा. मग आग. मोठ्या शहरांत भूकंपाइतकंच आगीने मारलं आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी, ११ वाजून ५८ मिनिटांनी भूकंप झाला. एक लाखाहून अधिक बळींपैकी बहुतेक आगीत गेले. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाण्याच्या वाहिन्याच फुटल्या आणि आग विझवायला पाणी उरलं नाही.

शेगडी बंद करा. गॅसचा वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तर मुख्य झडप बंद करा, खिडक्या उघडा, कोणतंही बटण दाबू नका आणि बाहेर पडा. वास नसेल आणि घर सोडून जाणार असाल तर विजेचा मेन स्विच बंद करा. कोबेत वीज परत आल्यावर रिकाम्या घरांत आगी लागल्या, तुटक्या तारांतून आणि पडलेल्या हीटरमधून. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

मग शेजारी. कोबेत ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. पथकं सगळीकडे एकाच वेळी पोचू शकत नाहीत. तुमच्या मजल्यावर एकटं कोण राहतं, कुणाला चालता येत नाही, हे भूकंपाआधी माहीत हवं. पहार, दोर, जाड हातमोजे, बॅटरी आणि शिट्टी इमारतीत सामायिक ठेवा, आणि त्यांची किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका.

पुन्हा धक्के किती दिवस बसतात? घरात कधी परतायचं?

पहिल्या दिवशी सर्वांत जास्त, मग कमी होत जातात, पण शेपूट महिनोन्‌महिने राहतं. सर्वांत मोठा पश्चात धक्का सहसा मुख्य भूकंपापेक्षा एक-सव्वा आकड्याने लहान असतो. ‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तुर्कीत ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ७.८ च्या भूकंपानंतर साधारण नऊ तासांनी ७.५ चा दुसरा आला. क्राइस्टचर्चजवळ सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ चा भूकंप झाला, तो पडझड करून गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याहून लहान, पण शहराच्या अगदी जवळचा आणि उथळ भूकंप झाला आणि १८५ माणसं गेली. त्यांतली ११५ एकाच इमारतीत होती, आणि तीच इमारत सप्टेंबरनंतरच्या पाहणीत वापरायला योग्य ठरवली गेली होती. म्हणून नुसत्या धावत्या पाहणीवर समाधान मानू नका. खांब किंवा तुळया तडकल्या असतील, दारं चौकटीत अडकू लागली असतील, मजला कलला असेल, तर इंजिनिअरने आराखडा हातात घेऊन तपासल्याशिवाय आत झोपू नका. कागदपत्रं आणायला ‘दोनच मिनिटं’ जाणंही टाळा.

भूकंपाच्या वेळी आम्ही सगळे वेगवेगळ्या ठिकाणी असलो तर?

मोठ्या शहरात तीच शक्यता जास्त. ११ मार्च २०११ ला टोकियो परिसरात रेल्वे थांबली आणि सुमारे पन्नास लाख लोक त्या रात्री घरी पोचू शकले नाहीत. रस्ते इतके भरले की रुग्णवाहिकांना वाट मिळेना. त्यातून धडा घेऊन तिथल्या प्रशासनाने कंपन्यांना कर्मचाऱ्यांना लगेच घरी न सोडण्याचं आणि तीन दिवसांचं अन्नपाणी जवळ ठेवण्याचं आवाहन केलं.

घरात आजच तीन गोष्टी ठरवा: घराजवळची भेटीची जागा, ती बंद असेल तर दुसरी जागा, आणि दूरच्या शहरातला एक नातेवाईक ज्याला प्रत्येकाने निरोप द्यायचा. शहरातल्या शहरात फोन लागत नाहीत तेव्हाही बाहेरगावी छोटा लेखी संदेश अनेकदा जातो. तो नंबर मुलांना पाठ असू द्या. फोनची बॅटरी संपते. आणि शाळेला विचारा की पालक येईपर्यंत मुलांना कुठे ठेवणार.

पिशवीत काय ठेवावं?

आधी पाणी: माणशी रोज तीन-चार लिटर, किमान तीन दिवसांचं, जमल्यास आठवड्याचं. ते पिशवीत मावणार नाही, वेगळं ठेवा. पिशवीत रोजची औषधं आणि त्यांची चिठ्ठी, जास्तीचा चष्मा, बॅटरी, रेडिओ, रोख सुटे पैसे, कागदपत्रांच्या प्रती, न शिजवता खाता येईल असं काही, मलमपट्टी, पाळीची सोय, तान्हं बाळ असेल तर त्याचं सामान. बुटांची जुनी जोडी पलंगाखाली असू द्या.

आईला चालता येत नाही. ती टेबलाखाली कशी जाणार?

जायचं नाही. चाकाची खुर्ची असेल तर चाकं अडकवा, पुढे वाका, मान आणि डोकं हातांनी किंवा उशीने झाका. पलंगावर असेल तर तिथेच. तिची खोली घरातली सर्वांत मोकळी खोली करा, भिंतीवर आणि डोक्याशी काही नको. लिफ्ट बंद झाल्यावर तिला खाली कोण आणि कसं नेणार, हे दोन शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा आणि एकदा करून पाहा.

घराच्या विम्यात भूकंप धरलेला असतो का?

बऱ्याच ठिकाणी नसतो, वेगळा घ्यावा लागतो. पॉलिसीत ‘भूकंप’ हा शब्द शोधा, आणि नुकसानीचा पहिला किती हिस्सा तुम्ही सोसायचा तेही वाचा. तुर्कीने १९९९ च्या इझमित भूकंपानंतर घरांसाठी भूकंप विमा सक्तीचा केला.

हे सगळं वाचून वाटतं, शहर सोडून द्यावं का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. पण लाखो माणसांचं काम, शाळा, उपचार, म्हातारे आईवडील त्या शहरात असतात. ‘निघून जा’ हे त्यांच्यासाठी उत्तर नव्हे. बहुतेकांसाठी शहर बदलण्यापेक्षा इमारत बदलणं शक्य असतं. त्याच शहरात, त्याच भाड्याच्या आसपास, गाळावरच्या मोकळ्या तळमजल्याच्या जुन्या इमारतीतून टणक जमिनीवरच्या नीट बांधलेल्या इमारतीत गेलात तर धोका खूप कमी होतो. घर बदलायची वेळ आली की स्टेशन किती जवळ हे विचारतो, तसं हेही विचारा.

धक्का बसून आठवडा झाला, तरी जमीन हलतेय असं वाटतं. मला काही झालंय का?

असं पुष्कळांना होतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि सावध झालेलं मन, दोन्ही थोडा काळ किंचित हालचालीलाही भूकंप समजतात. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवा. पाणी स्थिर असेल तर जमीन स्थिर आहे. झोप पुरी करा, बातम्यांचे तेच तेच व्हिडिओ बघणं थांबवा. मुलं रात्री एकटी झोपायला नाही म्हणाली तर काही दिवस जवळ घ्या, रागावू नका. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, घरात शिरताना छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. यावर उपचार आहेत.